बाजूने काढलेली बंदूक



साहित्य संस्थेच्या व्याख्यानमालेत बंदुकांचे काय काम, असे तुमच्या मनात आले असेल तर ते रास्तच आहे. पण मी तुम्हाला बंदुकांकडे नेणार नाही, बंदुकांच्या चित्रांकडे नेणार आहे. जुन्या तोड्याच्या बंदुका, चकमकीची पिस्तुले, काडतुसांचे नमुने यांची शंभर-दोनशे वर्षांपूर्वी छापलेली चित्रे आज पुन्हा छापली जातात. हौशी माणसे अशी पोस्टरे जमवतात, चौकटीत बसवतात आणि बैठकीच्या खोलीत लावतात. हौस निरुपद्रवी आहे. खरे हत्यार घरात ठेवायचे तर १९५९ चा शस्त्र कायदा आडवा येतो. पुरातन मोलाच्या हत्याराला त्यात सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालणार नाही इतके निकामी असावे लागते. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते. कागदाला परवाना लागत नाही.

भिंतीवर छापील प्रत लावणे आपल्याला नवे नाही. पुण्याची चित्रशाळा १८७८ साली निघाली, रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, आणि देवादिकांची, थोर पुरुषांची रंगीत चित्रे मराठी घरांच्या भिंतींवर पोचली. मूळ तैलचित्र ज्याने कधी पाहिले नाही, त्यानेही त्या प्रतीपुढे हात जोडले. प्रत म्हणजे खोटे, असे आपण कधी मानले नाही आणि मानूही नये. पोथ्यांच्या नकलांवरच तर आपले सगळे जुने वाङ्मय तरले. पण पोथीची नक्कल करणारा लेखक शेवटी चार शब्द लिहीत असे. ही प्रत कोणी लिहिली, कुठे, कोणत्या शकात, हे त्यात येई. पोस्टर छापणारा बहुधा तेवढे सांगत नाही. तेव्हा ते काम आपल्यावर येते. पेडणे आणि डिचोलीच्या माणसाने ते का करावे, हेच मला आज सांगायचे आहे.

समजा, असे एक पोस्टर तुमच्यासमोर आहे. त्याला आपण तीन प्रश्न विचारू.

१. ही प्रत कशाची?

पहिली परीक्षा भिंगाची आहे. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग कागदावर धरा. चित्रात निळे, गुलाबी, पिवळे, काळे बारीक ठिपके शिस्तीने मांडलेले दिसले, तर समोरचा कागद म्हणजे फोटोवरून केलेली अलीकडची छपाई. जुन्या शिळाप्रेसच्या रंगीत चित्रात ठिपके असतात, पण ते असे ओळीत नसतात. दगडाच्या पृष्ठासारखे ते विस्कटलेले, लहानमोठे दिसतात. तांब्याच्या पत्र्यावरच्या कोरीव चित्रात ठिपक्यांऐवजी रेघा असतात, आणि पुष्कळदा पत्र्याच्या कडेची दाबखूण कागदावर उमटलेली असते. पोस्टरवर ही खूण शाईने छापलेली दिसेल, पण बोट फिरवले तर लागणार नाही.

दुसरी परीक्षा मूळ ओळखण्याची. या विषयावरची पोस्टरे बहुतेक ठरावीक झऱ्यांतून आलेली असतात. त्यांपैकी एक म्हणजे याकोब द गाइन या डच चित्रकाराचे १६०७ साली हेग येथे निघालेले पुस्तक. त्यात शिपायाने हत्यार कसे धरावे, भरावे आणि चालवावे याची ११७ चित्रे आहेत. त्यांतली ४२ हलक्या बंदुकीची, ४३ जड मस्केटची आणि ३२ भाल्याची. दुसरा झरा अठराव्या शतकातल्या फ्रेंच विश्वकोशाचा. दिदरोने संपादित केलेल्या त्या ग्रंथाच्या चित्रखंडांत बंदूक बनवणाऱ्या कारागिराचे दुकान आणि त्याची अवजारे सुटी सुटी दाखवलेली आहेत. तिसरा झरा आपल्याकडचा म्हणता येईल, पण तो लंडनहून आला. एगर्टन यांनी तिथल्या इंडिया म्युझियममधल्या हिंदी हत्यारांची सचित्र सूची १८८० साली प्रसिद्ध केली, आणि हिंदी हत्यारांचे चित्र हवे असले की हात आजही तिच्याकडे जातो. काडतुसांची पोस्टरे मात्र निव्वळ व्यापारी वंशाची. एली, किनॉक, विंचेस्टर यांसारख्या कारखान्यांनी दुकानदारांसाठी आपल्या मालाचे देखणे फलक काढले. मधोमध काहीतरी नक्षीदार, भोवती लहानापासून मोठ्यापर्यंत गोळ्या आणि काडतुसे. ती जाहिरात होती. आज आपण तिला इतिहास म्हणून चौकटीत घालतो.

द गाइनची चित्रे गोव्याच्या माणसाने दुरून पाहण्याचे कारण नाही. ज्या कवायतीची ती पाठ्यपुस्तके होती, तीच कवायत करणाऱ्या डचांचे आरमार पुढच्या तीस-चाळीस वर्षांत मांडवीच्या मुखाशी येऊन गोव्याची नाकेबंदी करत होते.

हा पहिला प्रश्न न विचारल्यास काय होते, याचे उदाहरण डिचोलीच्याच नावावर आहे. विकिपीडिया या ज्ञानकोशाच्या इंग्रजी आवृत्तीत २००७ साली ‘डिचोली संघर्ष’ या आशयाच्या मथळ्याचा एक लांबलचक लेख दाखल झाला. १६४० ते १६४१ या काळात पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात युद्ध झाले, आणि तहाने संपले, अशी त्यात सविस्तर हकीकत होती. लेखाला ‘चांगला लेख’ असा दर्जाही मिळाला. पाच वर्षांहून अधिक काळ तो तिथे होता. २०१२ च्या डिसेंबरात तो काढून टाकला गेला, कारण असे युद्ध झालेच नव्हते. संदर्भ म्हणून दिलेली पुस्तकेही मिळेनात.

हे ऐकून हसू येते, पण हसून झाल्यावर स्वतःला विचारा. शाळेत शिकलेला एवढाच इतिहास हाताशी असता तरी आपल्याला शंका यायला हवी होती. १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते. मराठ्यांचे राज्य अजून उभे राहायचे होते, आणि डिचोली आदिलशाहीत होती. महाराजांचा या भागाशी संबंध आला तो १६६७-६८ च्या सुमारास. नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या जीर्णोद्धाराचे वर्ष १६६८ हे तर आपल्या तोंडी असते. तरीही त्या लेखाने पाच वर्षे कोणालाच अडखळवले नाही. कोणा बाहेरच्याने आपल्या तालुक्याला नसलेले युद्ध दिले, आणि आपल्याकडे झालेल्या लढायांची आपण इतकी कमी चर्चा केलेली की, हे एक जास्तीचे कुणाला टोचले नाही. खोट्याला जागा मिळते ती खऱ्याच्या अनुपस्थितीत.

२. ही बंदूक कोणत्या हातांनी घडवली?

पोस्टरखाली पुष्कळदा नुसते ‘हिंदी तोड्याची बंदूक’ एवढेच छापलेले असते. हिंदी म्हणजे कुठली? इथे जरा थांबू, कारण मुद्दा गोव्याचा आहे.

तोड्याच्या बंदुकीत नळीच्या बाजूला एक छोटी वाटी असते. तिच्यात रंजक, म्हणजे बारीक दारू, घालतात. पेटती जामगी घोड्याच्या चिमटीत धरलेली असते. चाप ओढला की घोडा खाली येतो, रंजक पेटते, कानातून ठिणगी नळीत जाते आणि आतली दारू उडते. इथवर सगळ्या तोड्याच्या बंदुका सारख्या. फरक आहे तो घोडा कसा खाली येतो यात. मोगल आणि दख्खनी बंदुकीत घोडा दस्त्याच्या खाचेतून वर आलेला असतो. चाप जितका ओढाल तितकाच तो हळूहळू खाली झुकतो. दस्ता लांब, सरळ आणि सडपातळ असतो. किनाऱ्यावरच्या, म्हणजे गोवा आणि सिंहलद्वीपच्या घडणीत, कळ बाहेरच्या अंगाला दिसते. स्प्रिंगने ताणलेला घोडा मागे अडकवलेला असतो आणि चाप दाबताच तो झटक्यात पडतो.

आता जपानची तोड्याची बंदूक पाहा. १५४३ साली तानेगाशिमा बेटावर उतरलेल्या पोर्तुगीजांकडून जपान्यांनी बंदूक घेतली, ही कथा प्रसिद्ध आहे. पण जपानी बंदुकीची कळ ही अशीच झटक्याने पडणारी आहे. तिचे जवळचे नाते गोवा आणि मलाक्का या बाजूच्या घडणीशी आहे, असे हत्यारांचे अभ्यासक मानतात. म्हणजे युरोपने पूर्वेला बंदूक दिली हे वाक्य अर्धेच खरे ठरते. ती वाटेत गोव्यात थांबली होती, आणि इथल्या लोहारांच्या हातांखालून गेली होती.

ते लोहार काही पोर्तुगीजांनी तयार केले नव्हते. आफोंसो द आल्बुकेर्कने १५१० साली आदिलशहाकडून गोवा घेतला, तेव्हा इथे हत्यारांचा साठा होता आणि ती घडवणारे कारागीरही होते. १५१३ साली त्याने राजा मानुएलला लिहिलेल्या पत्रात गोव्याच्या बंदूक घडवणाऱ्यांची तुलना त्या काळी नावाजलेल्या बोहेमियाच्या कारागिरांशी केली आणि त्यांतला एक उस्ताद पोर्तुगालला पाठवत असल्याचे कळवले. जिंकणाराच जिंकलेल्यांच्या हुन्नराची ही पावती देतो. म्हणून ती वजनदार आहे.

त्या उस्तादाचे नाव मात्र पत्राबरोबर लोकांच्या आठवणीत आले नाही. पोस्टरवर कारखान्याचे नाव मोठ्या अक्षरांत असते, कारण कारखान्याला माल विकायचा होता. गोव्याच्या लोहाराला आपले नाव विकायचे नव्हते. एक गोष्ट आपल्या हाती उरली, ती शब्दांची. बंदूक आणि तोफ हे शब्द आपल्याकडे मुसलमानी राजवटींच्या वाटेने आले, पिस्तूल आणि काडतूस हे पोर्तुगीजांकडून. पण रंजक, जामगी, ठासणे, कान हे शब्द रोजच्या कामाचे, आणि ते कारागीर आणि शिपाई यांच्या तोंडी मुरले. तोफेच्या कानात खिळे ठोकणे हा प्रयोग आपण आजही सहज करतो. ज्याने पहिल्यांदा त्या भोकाला ‘कान’ म्हटले, तो कोणी पंडित नसावा.

३. समोर कोण उभे होते?

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. पोस्टरमधली बंदूक नेहमी बाजूने काढलेली असते. नळी डावीकडे किंवा उजवीकडे, दस्ता दुसऱ्या टोकाला. तसे काढावेच लागते, नाहीतर घोडा, चाप, नक्षी काही दिसणार नाही. द गाइनच्या चित्रांत शिपाई आहे, त्याची जामगी आहे, रुबाबदार टोपी आहे. ज्याच्यावर नेम धरला तो माणूस चौकटीबाहेर राहतो. पेडणे-डिचोलीच्या इतिहासाचे हेच दुखणे आहे. आपण त्या चौकटीबाहेर राहिलो.

१६३५ साली आंतोनियो बोकारो याने गोव्यात राहून पोर्तुगीज किल्ल्यांचे मोठे पुस्तक सिद्ध केले. त्यातले रंगीत नकाशे आज पुन्हा पुन्हा छापले जातात. तेव्हा पेडणे, डिचोली, सत्तरी पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हते. म्हणून ज्या चित्रांना आपण ‘जुना गोवा’ म्हणतो, त्यांत हे तालुके नदीपलीकडचा परका मुलूख असतात.

ते चित्रात येतात ते लढाईने. ५ मे १७४६ रोजी व्हाइसरॉय मार्केश द कास्तेलु नोव्ह याने वाडीकर सावंतांचा हळर्णचा किल्ला घेतला. त्याच मोहिमेत डिचोली आणि तेरेखोलही गेले. या विजयांच्या बातम्या लिस्बनला छापून निघाल्या. मोंतेर्रोयु माश्करेन्यश याने ‘एपानाफोरा इंदिका’ या नावाने त्यांचे भाग प्रसिद्ध केले. पुढे त्या व्हाइसरॉयला ‘मार्केश द आलोर्ना’ ही पदवी मिळाली. आलोर्ना म्हणजे आपले हळर्ण. त्याची नात लेओनोर द आल्मैद, १७५० साली जन्मलेली, पोर्तुगीज साहित्यात ‘मार्केझा द आलोर्ना’ याच नावाने कवयित्री म्हणून ओळखली जाते. पेडणे तालुक्यातल्या एका गावाचे नाव अशा रीतीने पोर्तुगीज काव्याच्या इतिहासात जाऊन बसले. तिच्या कविता वाचणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल की, त्या नावामागे एका किल्ल्याच्या तटाला भिडलेल्या तोफा आणि बंदुका आहेत?

जिंकलेले सगळे टिकले नाही. बराच मुलूख सावंतांकडे परत गेला. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये कायमचे पोर्तुगिजांकडे आले. पण नवी काबिजाद शांत राहिली नाही. २६ जानेवारी १८५२ रोजी दीपाजी राणे यांनी सत्तरीतला नाणूसचा किल्ला घेतला आणि तीन वर्षे झुंज दिली. १८९५ साली तर पोर्तुगीज फौजेतल्या मराठा शिपायांनीच आफ्रिकेत मोझांबिकला जाण्यास नकार दिला, सरकारी बंदुका खांद्यावर टाकल्या आणि नाणूसची वाट धरली. राणे त्यांना मिळाले. ते बंड मोडायला लिस्बनहून खुद्द राजाचा भाऊ फौज घेऊन आला.

त्या शिपायांच्या बंदुकांचे चित्र तुम्हाला एखाद्या कारखान्याच्या सूचीत मिळेल. नळीची लांबी, गोळीचा व्यास, घोड्याची घडण, सगळे अचूक. पण एका सकाळी ती बंदूक तोंड फिरवते आणि ज्याने दिली त्याच्याकडेच रोखली जाते, ही तिच्या इतिहासातली मोठी घटना त्या सूचीत कुठल्या रकान्यात लिहिणार?

लोकांनी ती आठवण आपल्या परीने जपली. शिगम्यात पेडणे, डिचोली, सत्तरीत घोडेमोडणी होते. कमरेला लाकडी घोडा, डोक्यावर फेटा, हातात नंगी तलवार, ढोल-ताशाच्या तालावर पावले. राण्यांच्या पराक्रमाशी तिचे नाते सांगतात. बंदूक मात्र त्या नाचात नाही. बंदुकीची लढाई लोकांनी तलवारीने आठवली. लोकस्मृती हीसुद्धा एक प्रतच असते, आणि तिलाही काय गाळले ते विचारावे लागते.

शेवटचा प्रसंग आपल्यातल्या अनेकांच्या घरच्यांनी पाहिलेला आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेद आफोंसो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यात शिरून तिरंगा लावला. पुढच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, पेडणे तालुक्याच्या सीमेवर पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रही आत आले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पंजाबातल्या इसरू गावचे कर्नैलसिंग तिथे पडले. त्या दिवशी समोर चालत आलेल्यांना बंदुकीचे फक्त एक टोक दिसत होते. नळीचे गोल, काळे भोक. तो आकार कुठल्याही पोस्टरवर नसतो.

मग पोस्टरे लावू नयेत का? मी तसे म्हणणार नाही. चांगली प्रत काय करू शकते, याचा धडा आपल्याकडेच आहे. सत्तरीतल्या पिसुर्ले गावचे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या दप्तरखान्यात आयुष्य घातले. १५९५ पासूनचे ते दप्तर. पोर्तुगीज राज्यमंडळाचे ठराव त्यांनी १९५३ ते १९५७ या काळात पाच खंडांत छापले. तेही पुनर्मुद्रणच. पण प्रत्येक कागद कुठला, कोणत्या तारखेचा, त्यातला माणूस कोण, हे त्यांनी टिपांत सांगितले. म्हणूनच जिंकणाऱ्यांच्या कागदांतून हरलेल्यांचा इतिहासही वाचता आला, आणि ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ उभा राहिला. कागद परक्याचा होता, वाचणारा इथला होता.

तेव्हा पोस्टर जरूर लावा. फक्त चौकट बंद करण्यापूर्वी मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने चार ओळी लिहा. मूळ चित्र कोणाचे आणि कोणत्या सालचे. ही प्रत कधी, कुठे छापली. हत्यार कुठल्या घडणीचे, किनारी की दख्खनी की विलायती. आणि चौथ्या ओळीत, या हत्याराच्या समोर आपल्या भागातले कोण, कोणत्या दिवशी उभे राहिले. पहिल्या तीन ओळी पुस्तकांतून भरता येतील. चौथीसाठी हळर्ण, नाणूस, तेरेखोल, पत्रादेवी यांच्या आसपासच्या म्हाताऱ्यांकडे जावे लागेल, आणि ते लवकर करावे लागेल. डिचोलीच्या न झालेल्या युद्धावर हजारो शब्द लिहिणारा भेटला. झालेल्या लढायांवर चार ओळी लिहायला आपल्या घरातला माणूस मिळाला पाहिजे.